कुमारीजन्माच्या कल्पनेचे यहुदी मूळ

धर्मकल्पनांच्या इतिहासात काही प्रश्न असे असतात की, त्यांचा निकाल श्रद्धेच्या दरबारात एक लागतो आणि पुराव्याच्या दरबारात दुसरा लागतो. या दोन दरबारांची अधिकारक्षेत्रे निरनिराळी आहेत हे ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळदा विनाकारण कलह माजतो. येशू ख्रिस्ताचा जन्म कुमारिकेच्या उदरी, पुरुषसंबंधावाचून झाला, ही ख्रिस्ती धर्मातील श्रद्धा अशाच प्रश्नांपैकी एक होय. तो जन्म खरोखर तसा झाला किंवा कसे, याचा निवाडा करण्याचे काम इतिहासाचे नव्हे, आणि परधर्मीयांचे तर नव्हेच नव्हे. परंतु ही कल्पना कोणत्या भूमीत रुजली, तिला आधारभूत मानलेल्या वचनांचा मूळ अर्थ काय, हे प्रश्न मात्र इतिहासाच्या कक्षेत येतात. प्रस्तुत लेखात आम्ही तेवढ्यापुरताच विचार करणार आहोत.

आमचे बहुतेक वाचक देवस्थानांच्या छायेत वाढलेले आहेत. आणि त्यांपैकी गोमंतकातील वाचकांना देवळातील चौघडा आणि इगर्जीची घंटा या दोहोंचाही ध्वनी परिचयाचा आहे. शेजाऱ्यांच्या सणांत आपण आनंदाने सहभागी होतो. पण त्या सणांमागील सिद्धांतांचा आपला परिचय बहुधा वरवरचाच असतो. उदाहरणार्थ, पणजीच्या प्रसिद्ध इगर्जीचे ८ डिसेंबरचे फेस्त हे कुमारीजन्माचे फेस्त आहे, असे पुष्कळजण समजतात. वस्तुतः ते मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचे आहे. म्हणजे मरिया स्वतः आपल्या मातेच्या उदरी आली तेव्हाच ती आदिपापापासून मुक्त होती, या मताचे. ते मत पोप नववे पायस यांनी १८५४ साली सिद्धांत म्हणून घोषित केले. कुमारीजन्माची श्रद्धा त्याहून निराळी आणि फार प्राचीन आहे. प्रारंभीच हा घोटाळा दूर करणे इष्ट होय.

या श्रद्धेच्या उगमाविषयी जी मते मांडली गेली, ती स्थूलमानाने तीन पक्षांत विभागता येतील. पहिला पक्ष म्हणतो की, ही कल्पना ग्रीक व रोमन कथांतून घेतली गेली. झ्यूस देव सुवर्णवृष्टीच्या रूपाने दानाए हिच्याकडे आला आणि पर्सेउस जन्मला. प्लेटो हा अपोलोचा पुत्र अशी वदंता होती. ऑगस्टस सम्राटाच्या जन्माविषयीही तशीच कथा रोमन चरित्रकाराने नमूद केली आहे. दुसरा पक्ष म्हणतो की, एका हिब्रू शब्दाच्या सदोष ग्रीक भाषांतरातून ही सारी श्रद्धा निर्माण झाली. तिसरा पक्ष म्हणतो की, यहुदी परंपरेतच या कल्पनेची बीजे होती आणि ती तेथेच वाढली. यहुदी लोकांनी हा सिद्धांत कधीही मान्य केला नाही. असे असता त्याचे मूळ यहुदी असू शकते काय, हाच आमच्या विचाराचा मुख्य विषय आहे.

प्रथम त्या बहुचर्चित शब्दाकडे वळू. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माची हकीकत सांगून झाल्यावर, हे सर्व यशया संदेष्ट्याचे वचन पूर्ण व्हावे म्हणून घडले, असे म्हटले आहे. ते वचन यशयाच्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात आहे. तेथील हिब्रू शब्द ‘अल्मा’ असा आहे. अल्मा म्हणजे लग्नाच्या वयाला आलेली तरुणी. कौमार्यावर विशेष भर द्यावयाचा असेल तेव्हा हिब्रूत सामान्यतः ‘बेतुला’ हा दुसरा शब्द योजतात. अल्मा कुमारिका असू शकेल, बहुधा असेलही. परंतु ते त्या शब्दाच्या अर्थाचे आवश्यक अंग नव्हे.

हा सूक्ष्म भेद आम्हां मराठी वाचकांस समजण्यास कठीण जाऊ नये. आपल्या ‘कन्या’ या शब्दाची गत नेमकी तीच आहे. कन्या म्हणजे मुलगी, कन्या म्हणजे अविवाहिता, आणि कन्या म्हणजे अक्षतयोनी कुमारिकाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत, त्यांत पित्याच्या घरी अविवाहित कन्येला गुप्तपणे झालेल्या पुत्रास ‘कानीन’ म्हटले आहे, आणि जो तिचे पाणिग्रहण करील त्याचा तो पुत्र ठरविला आहे. तेथे पुत्र प्रसवणाऱ्या स्त्रीलाही स्मृतिकार कन्याच म्हणतात. त्यात चमत्काराचा गंधही नाही. हे उदाहरण आम्ही केवळ शब्दाच्या व्याप्तीपुरते दिले आहे. येशूच्या जन्माला ते लावावे असा आमचा आशय मुळीच नाही. सांगावयाचे ते एवढेच की, अशा शब्दांचा अर्थ कोशावरून ठरत नाही, संदर्भावरून ठरतो.

मग यशयाच्या वचनाचा संदर्भ कोणता? ख्रिस्तपूर्व ७३५ च्या सुमारास यहूदाच्या गादीवर आहाज हा राजा होता. दमास्कसचा राजा रसीन आणि उत्तरेकडील इस्राएलचा राजा पेकह या दोघांनी संगनमत करून त्याच्यावर स्वारी केली, तेव्हा राजा व प्रजा दोघेही भयभीत झाले. त्या प्रसंगी यशयाने राजाला धीर दिला आणि एक चिन्ह सांगितले. एक तरुणी पुत्रास जन्म देईल आणि त्याचे नाव इम्मानुएल, म्हणजे ‘देव आमच्या संगे’, असे ठेवील. आणि त्या मुलाला बरेवाईट कळू लागण्यापूर्वीच त्या दोन्ही राजांची भूमी ओसाड पडेल, असा त्याचा आशय आहे. पुढे ख्रिस्तपूर्व ७३२ मध्ये अश्शूरचा राजा तिग्लथ-पिलेसर याने दमास्कस जिंकले. वकिली भाषेत बोलावयाचे तर, या चिन्हातील महत्त्वाची गोष्ट जन्माची रीत ही नसून मुलाच्या वयाने घातलेली मुदत ही आहे. सातशे वर्षांनंतर होणाऱ्या जन्माचे आश्वासन दाराशी शत्रू येऊन ठेपलेल्या राजाच्या काय उपयोगाचे, ही शंका म्हणूनच योग्य ठरते.

ख्रिस्तपूर्व तिसऱ्या आणि दुसऱ्या शतकांत इजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरातील ग्रीकभाषी यहुद्यांसाठी हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर होऊ लागले. बहात्तर पंडितांनी ते केले या आख्यायिकेवरून त्यास ‘सप्तति’ असे नाव पडले. त्या भाषांतरात यशयाच्या वचनातील ‘अल्मा’च्या जागी ‘पार्थेनोस’ हा शब्द आला, आणि ग्रीकमध्ये पार्थेनोस म्हणजे सामान्यतः कुमारिकाच. येथे दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही की, हे भाषांतर यहुद्यांनीच, येशूच्या जन्मापूर्वी केलेले आहे. तेव्हा त्यात ख्रिस्ती लोकांचा हात असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दुसरी ही की, याच सप्ततीत उत्पत्तीच्या ग्रंथातील दीना या मुलीवर बलात्कार झाल्यानंतरही तिला पार्थेनोस असेच म्हटले आहे. अर्थात भाषांतरकारांच्या लेखी त्या शब्दाला काहीशी सैल व्याप्ती होती. शिवाय, आज जी कुमारिका आहे ती पुढे विवाहानंतर गर्भवती होईल, एवढाच अर्थ घेतला तरी वाक्य सरळ लागते. यशयाचे हे वचन कुमारिकेच्या पोटी जन्मणाऱ्या मसीहाविषयी आहे, असे म्हणणारा एकही यहुदी ग्रंथ ख्रिस्तपूर्व काळातील म्हणून ज्ञात नाही.

ख्रिस्ती संप्रदाय वाढू लागला तेव्हा या एका शब्दावरून मोठा वाद पेटला. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन या ख्रिस्ती विद्वानाने त्रिफो नावाच्या यहुदी पंडिताशी झालेला संवाद लिहिला आहे. त्यात त्रिफो म्हणतो की, मूळ शब्द तरुणी असा आहे, वचन हिज्कीया राजाविषयी आहे, आणि दानाए व पर्सेउस यांच्यासारख्या ग्रीक कथा सांगण्याची ख्रिस्ती लोकांना लाज वाटली पाहिजे. जस्टिन उलट आरोप करतो की, यहुदी गुरू आपल्याच पूर्वजांचे भाषांतर नाकारतात आणि त्यांनी धर्मग्रंथांतून काही वचने काढूनही टाकली आहेत. त्याच शतकात अक्विला याने नवे ग्रीक भाषांतर करून पार्थेनोसच्या जागी ‘नेआनिस’, म्हणजे तरुणी, हा शब्द योजला. इ. स. १८० च्या सुमारास इरेनेयस या बिशपाने त्याबद्दल त्याचा निषेध केला. अशा रीतीने एका शब्दाच्या अर्थाचा प्रश्न हा एका समाजाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न होऊन बसला.

हिब्रू मुळात हा शब्द पूर्वीपासून होता की ख्रिस्ती मताला विरोध म्हणून मागाहून आला, या शंकेचे निरसन करणारा लेखी पुरावा विसाव्या शतकात उजेडात आला. १९४७ साली मृत समुद्राच्या काठी कुमरानच्या गुहेत यशयाच्या ग्रंथाची सुमारे २४ फूट लांबीची चर्मपत्राची गुंडाळी सापडली. ती ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील आहे असे विद्वानांचे मत आहे. तिच्यातही शब्द ‘अल्मा’ हाच आहे. येशूच्या जन्मापूर्वी शंभराहून अधिक वर्षे लिहिलेल्या प्रतीत ख्रिस्ती मताला विरोध म्हणून कोणी फेरफार करणे शक्य नाही. तेव्हा या शब्दापुरते तरी यहुदी पंडित निर्दोष ठरतात. १९५२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या सुधारित इंग्रजी आवृत्तीने तेथे ‘तरुणी’ या अर्थाचा शब्द घातला तेव्हा मोठा गहजब झाला. पुढे २०११ साली अमेरिकेतील कॅथलिक बिशपांच्या मान्यतेने निघालेल्या आवृत्तीतही तोच अर्थ स्वीकारण्यात आला. या बिशपांनी कुमारीजन्माची श्रद्धा सोडली असे नव्हे. ती श्रद्धा त्या एका शब्दावर अवलंबून नाही, हेच त्यांनी कृतीने मान्य केले.

आणि येथेच दुसऱ्या पक्षाचे म्हणणे लंगडे पडते. चुकीच्या भाषांतरातून श्रद्धा जन्मली असती, तर जेथे जेथे ती श्रद्धा तेथे तेथे ते वचन आधार म्हणून पुढे आले असते. परंतु लूकाच्या शुभवर्तमानात कुमारीजन्माची हकीकत मत्तयापेक्षाही विस्ताराने आली असून यशयाचे ते वचन तेथे उद्धृत केलेले नाही. मत्तय व लूक यांच्या जन्मकथा पुष्कळ बाबतींत भिन्न आहेत. वंशावळी जुळत नाहीत. एकात पूर्वेकडील ज्ञानी येतात, दुसऱ्यात मेंढपाळ येतात. तथापि मरिया योसेफाला वाग्दत्त होती आणि पवित्र आत्म्यामुळे तिला गर्भ राहिला, याविषयी दोघांचे एकमत आहे. परस्परांपासून स्वतंत्र असे दोन साक्षीदार एखाद्या मुद्द्यावर जुळतात, तेव्हा त्या दोघांच्याही पूर्वीची परंपरा मानणे भाग पडते. मत्तयाची पद्धतही हेच सुचविते. तो आधी घटना सांगतो आणि मागाहून तिला जुळणारे जुने वचन शोधतो. यशयाचे वचन हे या श्रद्धेचे जनक नसून मागाहून बोलाविलेले साक्षीदार आहे, असे आमचे मत झाले आहे.

मग ती पूर्वीची परंपरा कोठून आली? त्यासाठी यहुदी धर्मग्रंथांतील जन्मकथांकडे पाहिले पाहिजे. अब्राहामाची पत्नी सारा नव्वद वर्षांची, तिचा ऋतुकाल केव्हाच संपलेला. आणि तिला इसहाक होतो. रिबकेला वीस वर्षे अपत्य नाही. इसहाक प्रार्थना करतो आणि तिला जुळे होतात. राहेल वंध्या, देव तिची कूस उघडतो. मानोहाच्या वंध्या पत्नीला देवदूत दर्शन देतो आणि शमशोन जन्मतो. हन्ना शिलोच्या मंदिरात अश्रू ढाळते, नवस करते, आणि शमुवेल जन्मतो. नवसाचे पाळणे बांधणाऱ्या आपल्या समाजाला या कथांतील आर्तता निराळी समजावून देण्याची गरज नाही. पण त्यांतील सिद्धांत लक्षात घेण्याजोगा आहे. वंशाचा खरा दाता देव. कूस बंद करणारा तो आणि उघडणारा तो. आणि जेथे मानवी उपाय खुंटतो, तेथूनच देवाच्या योजनेतील थोर पुरुष येतो.

लूकाची जन्मकथा याच साच्यात ओतलेली आहे. तिच्या प्रारंभी वृद्ध व वंध्या अलीशिबेला योहान होतो, म्हणजे साराचीच कथा पुन्हा घडते. मरियेचे स्तोत्र हन्नेच्या स्तोत्राच्या वळणावर गेले आहे. देवाला अशक्य असे काही नाही, हे देवदूताचे आश्वासन साराच्या कथेतील प्रश्नाचाच प्रतिध्वनी होय. फरक एवढाच की, पूर्वीच्या कथांत वंध्यत्वाचा किंवा वार्धक्याचा अडथळा होता आणि पती होता. येथे अडथळा कौमार्याचा आहे आणि पित्याचे स्थान रिकामे आहे. पायरी त्याच जिन्याची आहे. परंतु ती शेवटची आहे आणि फार उंच आहे.

ती पायरी ग्रीक कथांच्या आधाराने चढली गेली काय? येथे भाषेची साक्ष महत्त्वाची आहे. ग्रीक कथांत देव कामातुर होऊन, कधी रूप पालटून, स्त्रीशी संग करतो. यहुदी मनाला ही कल्पना अत्यंत किळसवाणी वाटे. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात स्वर्गीय पुरुषांनी मानवी स्त्रिया केल्याचा जो उल्लेख आहे, त्याचा उत्तरकालीन यहुदी वाङ्मयात महापातक म्हणूनच विस्तार झाला. कुमरान येथे सापडलेल्या एका आरामी ग्रंथात, नोहाच्या अलौकिक जन्माने त्याचा पिता लामेख शंकाकुल होतो, हे मूल कोणा स्वर्गस्थाचे तर नव्हे असे पत्नीला विचारतो, आणि ती शपथेवर सांगते की बीज तुझेच आहे. या ग्रंथाचा काही भाग १९५६ साली प्रसिद्ध झाला. योसेफाच्या मनातील संशयाशी या प्रसंगाचे साम्य उघड आहे. पण तेथे स्वर्गीय पितृत्व हे भूषण नसून कलंक मानला आहे, हेही तितकेच उघड आहे.

म्हणूनच लूकाने योजलेली क्रिया विचारात घेण्यासारखी आहे. परात्पराचे सामर्थ्य मरियेवर छाया धरील, असे देवदूत म्हणतो. हेच ग्रीक क्रियापद सप्ततीत निर्गमाच्या शेवटच्या अध्यायात येते. तेथे रानातील पवित्र मंडपावर मेघाने छाया धरली आणि आतील जागा देवाच्या तेजाने भरून गेली, असा प्रसंग आहे. म्हणजे ही उपमा शय्यागृहातील नसून गाभाऱ्यातील आहे. शिवाय हिब्रूत आत्म्याला ‘रूआख’ म्हणतात, आणि तो शब्द प्रायः स्त्रीलिंगी आहे. ग्रीकमध्ये तो नपुंसकलिंगी होतो. अशा शब्दाला पित्याची भूमिका देणे कोणाही यहुद्याच्या मनात आले नसते. सृष्टीच्या आरंभी जलावर तरंगणारा तो हाच आत्मा. त्याचे कार्य संगाचे नव्हे, सृजनाचे. दानाएची कथा आणि मरियेची कथा यांत साम्य शोधणारे पुष्कळ आहेत. परंतु त्यांच्या भाषेतील हे अंतर त्यांनी लक्षात घेतलेले दिसत नाही.

आता त्या उंच पायरीच्या सर्वांत जवळ जाणारा यहुदी पुरावा पाहू. येशूचा समकालीन असा फिलो नावाचा यहुदी तत्त्वज्ञ अलेक्झांड्रियात होऊन गेला. इ. स. ४० च्या सुमारास तेथील यहुद्यांच्या वतीने रोमन सम्राट कालिगुलाकडे गेलेल्या शिष्टमंडळाचा तो प्रमुख होता. आपल्या एका ग्रंथात तो दीक्षितांना रहस्य सांगावे तशा भाषेत म्हणतो की, सारा, लेआ, रिबका आणि मोशेची पत्नी सिप्पोरा यांच्या गर्भधारणेच्या प्रसंगी मोशेने त्यांच्या पतींचा उल्लेख केलेला नाही. देवाने सारेची भेट घेतली ती ती एकटी असताना. आणि मनुष्यसंगाने कुमारी स्त्री होते, परंतु देवाच्या सहवासाने स्त्री पुन्हा कुमारी होते. हे सारे रूपक आहे. फिलोच्या मते या स्त्रिया म्हणजे सद्गुण, आणि त्यांची अपत्ये म्हणजे सत्कर्मे. तथापि पतीवाचून, देवापासून, कौमार्यात गर्भधारणा, हे शब्द एका निष्ठावान यहुद्याच्या लेखणीतून येशूच्याच शतकात उतरले, ही गोष्ट लहान नव्हे. ख्रिस्ती प्रेषित पौल यानेही गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात हागारचा पुत्र देहस्वभावाने आणि सारेचा पुत्र वचनाने व आत्म्याने जन्मला, असा भेद केला आहे. जर्मन विद्वान मार्टिन डिबेलियस याने १९३२ साली हे दोन्ही पुरावे एकत्र मांडून, ग्रीकभाषी यहुदी समाजात कुलमातांच्या देवदत्त गर्भधारणेची समजूत प्रचलित असावी, असे अनुमान काढले.

दुसरा पुरावा याहून अधिक चमत्कारिक आहे. हनोखाच्या नावावर मोडणाऱ्या दुसऱ्या ग्रंथात नोहाचा भाऊ नीर याच्या वृद्ध व वंध्या पत्नीला पतीसंबंधावाचून गर्भ राहतो; नीर तिची निर्भर्त्सना करतो; ती मरण पावते आणि तिच्या शवातून मल्कीसदेक हा याजक बालक बाहेर येतो. ख्रिस्ती कथेची नक्कल म्हणावे तर येथे ना कुमारिका आहे, ना पवित्र आत्मा. पुष्कळ विद्वान हा ग्रंथ पहिल्या शतकातील यहुदी ग्रंथ मानतात. परंतु ही कथा आज उपलब्ध आहे ती प्राचीन स्लाव भाषेत, आणि तिची हस्तलिखिते चौदाव्या शतकापासून पुढची. हजार वर्षांहून उत्तरकालीन प्रतीवर विसंबून निकाल देणे कोणाही न्यायाधीशास रुचणार नाही. म्हणून आम्ही हा पुरावा दुय्यम समजतो.

विरुद्ध बाजूचा पुरावाही मांडणे न्यायाचे होईल. पौलाने, म्हणजे सर्वांत प्राचीन ख्रिस्ती लेखकाने, येशू स्त्रीपासून जन्मला आणि देहाने दाविदाच्या वंशातला होता एवढेच म्हटले. कुमारीजन्माचा उल्लेख केला नाही. मार्काच्या शुभवर्तमानात जन्मकथाच नाही. मत्तय व लूक या दोघांच्याही वंशावळी योसेफाकडूनच येतात. एबियोनी नावाचा यहुदी ख्रिस्ती पंथ येशूला मसीहा मानीत असे, परंतु तो योसेफाचा पुत्र असेच म्हणत असे, अशी इरेनेयसाची साक्ष आहे. म्हणजे यहुदी आचाराला घट्ट धरून राहिलेल्या ख्रिस्ती लोकांतील निदान एका पंथाने हा सिद्धांत नाकारला. मसीहा कुमारिकेच्या पोटी यावयाचा आहे अशी अपेक्षा बाळगणारा कोणताही यहुदी पंथ ज्ञात नाही. तेव्हा ही कल्पना यहुदी धर्मात तयार होती आणि ती येशूला केवळ लावली गेली, असेही म्हणता येत नाही.

दोन्ही बाजू तोलून पाहता आमचा निष्कर्ष असा आहे. या कल्पनेची सामग्री यहुदी आहे. कूस उघडणारा देव, देवदूताचे आश्वासन, वंध्येच्या पोटी येणारा थोर पुरुष, मंडपावर छाया धरणारा मेघ, सृजन करणारा आत्मा, हे सर्व हिब्रू ग्रंथांतून आले. ती सामग्री पतीवाचून गर्भधारणा या शब्दांत बोलू लागली ती ग्रीकभाषी यहुदी समाजात. फिलो हा त्याचा भक्कम साक्षीदार होय. परंतु रूपकाचे वृत्त झाले, सद्गुणाच्या जागी नाझरेथची मरिया आली, ही शेवटची पायरी ख्रिस्ती समाजाची स्वतःची आहे. त्या पायरीवर प्रत्यक्ष काय घडले होते, हे सांगण्याचे साधन इतिहासापाशी नाही. मुळे यहुदी असल्याचे सिद्ध होते. फळही यहुदी होते असे सिद्ध होत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर या वादाच्या परिणामांत आहे. ग्रंथ भ्रष्ट केल्याचा आरोप यहुद्यांच्या कपाळी शतकानुशतके राहिला. उलट बाजूने, केल्ससच्या ग्रंथात दुसऱ्या शतकातच मरियेच्या चारित्र्यावर एका सैनिकाच्या नावाने शिंतोडे उडविलेले आढळतात. मतभेदाला दंडशक्तीची जोड मिळाली म्हणजे काय होते, हे गोमंतकाने पाहिलेले आहे. १५६० साली येथे इन्क्विझिशन स्थापन झाले, तेव्हा त्याची दृष्टी प्रथम ख्रिस्ती झालेल्या यहुदी वंशजांवर होती. गोव्यात १५६३ साली औषधींवरील विख्यात ग्रंथ छापणारा वैद्य गार्सिया द ओर्ता हा त्याच वंशातला. त्याच्या मृत्यूनंतर, १५६९ मध्ये, त्याच्या बहिणीस जिवंत जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून जाळण्यात आली. आरोप एवढाच की, ही माणसे गुप्तपणे यहुदी धर्म पाळीत.

याच भूमीत दुसरेही एक उदाहरण आहे. फादर थॉमस स्टीफन्स याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचून १६१६ साली रायतूर येथे छापविले. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची यहुदी धर्मग्रंथांतील कथा आहे. दुसऱ्यात ख्रिस्तकथा आहे. पहिल्या पुराणावाचून दुसरे पुराण समजत नाही, हे त्या रचनेतच मान्य केले आहे. आणि ज्यांच्या पूर्वजांचे ते पहिले पुराण, ते यहुदीही आम्हां मराठी माणसांस परके नाहीत. कोकणपट्टीत घाणा चालविणारे, शनिवार पाळणारे ‘शनिवार तेली’, म्हणजे बेने इस्राएल, पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलत आले आहेत.

शेजाऱ्याच्या श्रद्धेचा विचार करताना दोन मोह टाळले पाहिजेत. तिला भाषांतराची चूक म्हणून हसण्याचा एक, आणि आपल्याकडील एखाद्या कथेशी ओढूनताणून जुळवून ती आपलीच म्हणण्याचा दुसरा. मरियेची कथा समजून घ्यावयाची तर तिच्या मागे सारा, राहेल व हन्ना यांना उभे करावे लागते, आणि त्या आपल्या अश्रूंसह जेथे उभ्या होत्या, त्या यहुदी भूमीवर आपणास जावे लागते. या आवर्षीच्या नाताळात शेजारच्या घरी गव्हाणीची आरास पाहताना वाचकांच्या मनात एवढा इतिहास जागा राहिला, तरी आमचे लेखन सार्थकी लागले असे आम्ही समजू.